चाचा आता मराठीत बोलत नाही

(पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

"ताई, मी 24 वर्षांचा, कोल्हापूरचाच. वडिलांची शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे, दिवसा तिथं असतो आणि गेलं दीड वर्ष राजारामपुरीत एका कॅफेत स्टँडअप कॉमेडीचे ओपन माईक करतो. माझा सगळ्यात चालणारा बिट आमच्या मोल्डरवर, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कामगारावर आहे. तो बिहारमधल्या सिवानचा, आमच्याकडं 11 वर्षं झाली, सगळे त्याला चाचा म्हणतात. त्याला मराठी बोलायची लई हौस, पण श आणि ळ येत नाही. 'शाळा, पहिला नंबर, माझी पोरगी' हे तो 'साला, पहिला नंबर, माजी पोरगी' असं म्हणतो आणि तेवढ्यावर पब्लिक टेबलं बडवतं. वहिनीवर पण एक बिट आहे, ती कर्नाटकातल्या गोकाकची, 'चहा झाली, खुर्ची मोडला' असं बोलते. चाचाची रील टाकली, बरी फिरली. फौंड्रीतल्या पोरांनी त्याला दाखवली, तो हसला, मी म्हटलं चला, मनावर घेतलं नाही. पण त्या दिवसापासनं चाचा मराठी बोलायचा बंद झालाय, माझ्याशीच नाही तर कुणाशीच नाही. 'जी', 'हो गया', 'ठीक है' एवढंच. पुढच्या महिन्यात पुण्यात पाच मिनिटांचा स्पॉट मिळालाय आणि ते म्हणतात तोच भैय्याचा बिट कर. मित्र म्हणतात जोकला जोक म्हणून घ्यावं, लोक आजकाल फार सेन्सिटिव्ह झालेत, कॅनडाचा कॉमेडियन रसेल पीटर्स जगभर हेच करतो. वहिनी तर स्वतःच हसते. मी चुकलो का? माफी मागू का? आणि हा बिट टाकला तर माझ्याकडं उरतंय काय?"

बाळा, तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच वाक्यापाशी अडकले, साला, पहिला नंबर, माजी पोरगी. तो माणूस तुला त्याच्या आयुष्यातली त्या वर्षातली सगळ्यात मोठी बातमी सांगत होता. लेक शाळेत पहिली आली, आणि ते त्यानं हिंदीत नाही, तुझ्या भाषेत सांगितलं, जेवढी येते तेवढ्या भाषेत. ती कितवीत आहे, कुठल्या शाळेत आहे, मराठी शाळेत आहे का, यातलं काहीच तुझ्या पत्रात नाही. मला वाटतंय तुला माहीतच नसावं. तू उच्चार तेवढा उचललास आणि बातमी तिथंच टाकलीस. तुझ्या सेटमधे चाचाचा आवाज आहे पण चाचाचं बोलणं नाही, आणि माझ्या मते चूक झालीय ती इथं. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, चुकलास.

आणि मला दुसरी एक गोष्ट फार लागली ती सांगते. आपण सगळे उठता बसता म्हणतो ना, महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आली पाहिजे. मी पण म्हणते, मनापासून म्हणते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण किती आनंदात होतो, स्टेटस काय, मेसेज काय. आणि इथं एक माणूस, 11 वर्षं भट्टीच्या धगीत उभा राहून, कुणी जबरदस्ती केलेली नसताना, कुठल्या क्लासला न जाता, मराठी बोलायला लागला होता. त्याला आपण गप्प केलं. तू एकट्यानं नाही, टेबलं बडवणाऱ्या सगळ्यांनी मिळून. शिवी देऊन किंवा मारून गप्प केलं असतं तर निदान कुणीतरी त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं. हसून गप्प केलं की त्याला तक्रारसुद्धा करता येत नाही, कारण केली तर तोच सेन्सिटिव्ह ठरतो.

तो हसला म्हणून तुला वाटलं चालतंय. यावर मला माझं सांगू दे. मी बारावी करून पुण्याला हॉस्टेलवर गेले तेव्हा, तुला माहीतच आहे, आपल्याकडं बायका 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असंच बोलतात. माझी आजी तशीच बोलायची, आई अजून तशीच बोलते. पहिल्याच आठवड्यात मी रूममधनं बाहेर पडताना म्हणाले 'मी मेसला जाऊन येतो गं' आणि सगळ्या पोरी फुटल्या. नंतर ते रोजचंच झालं, कुणाची मैत्रीण आली की मला बोलवायच्या, 'ए, एकदा येतो म्हण ना, एकदा काय लका म्हण ना'. मी म्हणायचे. आणि त्या हसल्या की मी पण हसायचे, चांगली मोठ्यानं हसायचे, कारण न हसता तिथं उभं राहणं त्याहून अवघड होतं. दिवाळीपर्यंत माझ्या तोंडातलं 'येतो' गेलं ते गेलं. आता हे लिहितानासुद्धा 'अडकले, म्हणाले' असंच येतंय, घरी आईशी बोलताना मात्र आपोआप 'येतो' येतं आणि मग मधेच कुठंतरी अडखळायला होतं. त्या पोरी वाईट नव्हत्या, दोघी अजून मैत्रिणी आहेत. पण मी हसत होते म्हणून मला चालत होतं असं नाही, एवढंच मला तुला सांगायचंय. आणि मी तर तिथं फी भरून राहणारी होते, चाचा तुझ्या वडिलांकडं पगाराला आहे. महिन्याच्या मधे उचल मागायला ज्याच्यासमोर उभं राहायचं त्याच्या पोरानं रील केली तर चाचा हसणार नाही तर काय करणार, सांग बघू.

आता नक्कल करायचीच नाही का, बोली वापरायचीच नाही का? असं मी अजिबात म्हणत नाही, तसं म्हटलं तर मराठी विनोदातलं निम्मं सामान जाईल. तमाशातली बतावणी घे, मावशी घे. लक्ष्मण देशपांडेंचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घे, एकटा माणूस 52 पात्रं उभी करायचा आणि त्यात मराठवाड्याची बोली अगदी मुरलेली. अख्खा महाराष्ट्र त्या बोलीवर हसला पण ती माणसं नुसती विचित्र उच्चार करायला स्टेजवर येत नाहीत, प्रत्येकाची काहीतरी गडबड आहे, कुणाला मान पाहिजे, कुणाला विमानाची भीती, कुणाचा रुसवा. बोली काढून टाकली तरी माणूस शिल्लक राहतो. तू एक करून बघ, चाचाचा बिट साध्या शुद्ध मराठीत म्हणून बघ. 'शाळा, पहिला नंबर, माझी पोरगी.' यात जोक कुठंय? नाहीच. म्हणजे लोक हसले ते एका माणसाच्या तोंडाला ळ जमत नाही याला हसले.

आणि ळ का जमत नाही हे तरी बघ. हिंदीत ळ नाहीच, आणि चाचाची तर घरची बोली भोजपुरी असणार, तिथं श चा पण बऱ्याचदा स होतो. लहानपणी कानावर पडलेलाच नाही तो आवाज चाळिशीत जिभेवर कसा बसणार. तुझ्या वहिनीचं पण तसंच, कन्नडमधे चहा, खुर्ची, गाडी अशा निर्जीव वस्तूंना तो-ती नसतं, सगळं एकाच खात्यात, त्यामुळं मराठीत आल्यावर चहा झाला का झाली हे पाठच करावं लागतं, नियम लावून काढता येत नाही. आपण तरी हिंदी काय बोलतो? 'मेरेको', 'तेरेको', 'तुम जेवल्या क्या', 'वो वाळू जरा चाळके ठेव'. सौंदत्तीला यल्लमाला जाताना एसटीतनं उतरल्यावर आपल्या बायका नारळवाल्याला 'एष्टु, एष्टु' करत असतात, त्याच्या पुढचं एक अक्षर येत नसतं, पण तो नारळवाला बिचारा बोटं दाखवून किंमत सांगतो. आणि मुंबईत 'घाटी' म्हणून कुणाला हिणवतात हे मी तुला सांगायला नको. हिंदी पिक्चरात वर्षानुवर्षं धुणीभांडी करणारी बाई मराठी हेल काढून बोलते, ते बघून आपल्या पोटात जे होतं तेच हे, फक्त इथं हिणवणारे आपण आहोत.

रसेल पीटर्सचं म्हणशील तर मी पण त्याचे व्हिडिओ बघितलेत आणि हसलेय. त्याचा 2004 चा कॅनडातला एक शो इंटरनेटवर फिरला आणि तिथनं तो जगाला माहीत झाला. पण तो कोण आहे ते बघ की. आईबाप भारतातनं कॅनडात गेलेले अँग्लो-इंडियन, पोरगा टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधे वाढला, रंगावरनं शाळेत मार आणि शिव्या खाल्ल्या. त्याचा सगळ्यात गाजलेला आवाज त्याच्या स्वतःच्या बापाचा आहे, मार देण्याची धमकी देणारा बाप. तो बापाची नक्कल करतो, तू बापाच्या कामगाराची करतोस. शिवाय तो पुढच्या रांगेतल्या माणसाला तोंडावर विचारतो, तू कुठला, काय करतोस, तो माणूस उलट बोलतो, तिथल्या तिथं होतं काय ते. आणि तरीसुद्धा त्याच्या चिनी माणसांच्या नकला वगैरे आता शिळ्या वाटतात असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मला पण त्यातल्या काही वाटतात. त्यामुळं त्याचं नाव घेतलं म्हणून तुझा बिट पास होत नाही.

मित्रांना सांगायचंच असेल तर डेव्ह शपेलचं सांग. अमेरिकेतला काळा कॉमेडियन, काळ्या-गोऱ्यांच्या सगळ्या समजुतींवर त्याचा टीव्ही शो चालायचा, अफाट चालायचा, पुढच्या दोन सीझनसाठी सुमारे 5 कोटी डॉलरचा करार झालेला. 2005 मधे शूटिंग चालू असताना तो सगळं टाकून दक्षिण आफ्रिकेत निघून गेला. नंतर 2006 मधे ओप्रा विन्फ्रेच्या शोमधे त्यानं कारण सांगितलं, एका स्किटमधे तो तोंडाला काळं फासलेलं पात्र करत होता आणि सेटवरचा एक गोरा माणूस हसला, आणि ते हसणं त्याला खटकलं. त्याला वाटलं हा माझ्याबरोबर हसत नाहीये, हा दुसऱ्याच कशाला तरी हसतोय. बघ, तो तर स्वतःच्याच लोकांवर जोक करत होता, त्याचा हक्क कुणीच नाकारला नसता, तरी एका माणसाच्या हसण्यावरनं त्याला कळलं की काहीतरी घसरलंय. तुला तर हसण्याचा अंदाज घ्यायची पण गरज नाही, रीलखालच्या कमेंट आहेत. जा आणि एकदा नीट वाच, लाईक किती ते नको बघू, शब्द वाच. 'यांना परत पाठवा' टाईपच्या किती आहेत मोज. तुझ्या मनात तसलं काही नव्हतं हे मला पत्रावरनं कळतंय. पण त्या माणसांना तुझ्या जोकमधे त्यांच्या कामाचं काहीतरी सापडलं, आणि ते तू दिलंस.

'जोकनं काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. अमेरिकेतल्या 'सिम्पसन्स' कार्टूनमधे अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे, 1990 पासनं. त्याचा तो हेल काढलेला आवाज हँक अझेरिया नावाचा गोरा नट द्यायचा. तिकडं वाढलेल्या आपल्या पोरांना शाळेत त्याच आवाजात चिडवायचे. 2017 मधे हरी कोंडाबोलू या कॉमेडियननं त्यावर डॉक्युमेंटरी केली, 2020 मधे अझेरियानं तो आवाज द्यायचं सोडलं आणि 2021 मधे जाहीर माफी मागितली. तेव्हा त्यानं सांगितलं की तो त्याच्या मुलाच्या शाळेतल्या भारतीय मुलांशी बोलला आणि त्यातल्या 17 वर्षांच्या एका पोरानं ते कार्टून कधी बघितलेलंच नव्हतं, पण अपू म्हणजे काय ते त्याला बरोब्बर माहीत होतं, कारण ते नाव जवळजवळ शिवीच झालं होतं. हे वाचल्यापासनं माझ्या डोक्यात चाचाची पोरगी आहे. तुझी रील तिच्या वर्गात पोचायला किती वेळ लागणार आहे? पोचली पण असेल. पहिला नंबर काढलेली पोरगी, आणि मधल्या सुट्टीत पोरं तिच्यामागं 'साला पहिला नंबर' करत फिरणार.

वहिनीचं वेगळं आहे आणि ते का वेगळं आहे हे तुझं तूच शोधलं असतंस. ती घरची आहे, ती तुला झापू शकते, जेवायला वाढताना तुझ्या कन्नडची वाट लावू शकते, नवऱ्याकडं किंवा सासूकडं तक्रार करू शकते. तिच्या हसण्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. तरी नव्यानं एखादं टाकायच्या आधी तिला दाखव, आणि तिच्या माहेरचं कुणी असेल तेव्हा तिच्याकडं एकदा बघ. बाकी तो बिट चालू दे, त्यात तिनं तुला उलट मारलेलं एखादं वाक्य घाल, आत्ता आहे त्याहून दुप्पट चांगला होईल.

आता करायचं काय. रील आज काढ, हे वाचून झालं की लगेच. 'डिलीट करू का' असं चाचाला विचारायला जाऊ नको, विचारलंस की तो 'रहने दो भैया, कोई बात नहीं' म्हणणार आणि तू तेच धरून बसणार. आधी काढ, मग सांग. सांगायला ऑफिसात बोलावू नको, मालकाच्या पोरानं केबिनमधे बोलावलं की माणसाच्या पोटात गोळाच येतो. जेवणाच्या सुट्टीत तो जिथं डबा खातो तिथं जाऊन शेजारी बस. बाकीच्या पोरांसमोर मोठं माफीचं नाटक पण नको, त्याला अजून अवघडल्यासारखं होईल. एवढंच म्हण की चाचा, मी तो व्हिडिओ काढलाय, टाकायला नको होता, तुम्ही पोरीचं सांगत होता आणि मी ऐकलंच नाही. मराठीत म्हण, त्याला कळतंय. आणि त्यानं 'ठीक है' म्हटलं तर तेवढं घे आणि ऊठ. त्यानं लगेच मराठी बोलायला पाहिजे, तुला माफ केलं म्हणायला पाहिजे, असलं काही त्याच्याकडनं मागू नको. त्याला बोलायचं तेव्हा बोलेल, कदाचित नाही पण बोलणार. ज्या पोरांनी त्याला रील दाखवली त्यांनी पुन्हा 'साला साला' केलं तर मात्र तिथं तू तोंड उघडायचंस, हे तुझं काम आहे, वडिलांचं नाही.

पुण्याच्या लोकांना सांग की तो बिट मी करत नाही. स्पॉट गेला तर गेला, वाईट वाटेल, मला पण तुझ्यासाठी वाईट वाटेल. पण मला नाही वाटत जाईल, पाच मिनिटं भरून दुसरं काही दिलंस तर त्यांचं काही अडत नाही. आणि तुझ्याकडं उरतंय काय असं विचारतोस, अरे तू कोल्हापुरातल्या फौंड्रीत उभा असतोस की! आसपास 300 फौंड्र्या असलेलं हे शहर, 1400 डिग्रीच्या लोखंडाशेजारी दिवस घालवणारी माणसं, आणि तुला जोक एका अक्षरावर करावा लागतोय? तुझे वडील कामगारांशी जे हिंदी बोलतात ते स्टेजवर आण. मालकाला वाटतं आपण फर्डी हिंदी झाडतोय आणि समोरच्या माणसाला निम्मं कळत नाही, तरी कास्टिंग बरोब्बर निघतं, कारण चाचाला काम येतं, मालकाचं हिंदी येवो न येवो. 2020 च्या मे महिन्यात कोल्हापूर स्टेशनवरनं श्रमिक रेल्वे भरभरून गेल्या तेव्हा किती मालक स्वतः वाळूत हात घालून बसले होते, तुझ्या घरात पण काहीतरी घडलंच असणार. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाल्यावर कोण कुणावर ढकलतं ते घे. आपण भांडण सुरू करताना पण 'भावा' म्हणतो आणि मिटवताना पण 'भावा' म्हणतो, बाहेरच्या माणसाला यातलं कुठलं कुठलं ते कसं कळत असेल? पहिल्यांदा इथल्या कटाची मिसळ खाल्लेल्या माणसानं आपल्याबद्दल गावाकडं फोनवर काय सांगितलं असेल? यातलं काहीही पुण्यात चालेल, आणि पुण्यातल्या पोरांनी आपल्या 'व्हय' आणि 'न्हाय'वर जोक मारला तर त्यांना उलट द्यायला तुझ्याकडं तोंड आहे.

आणि कधीतरी, लगेच नाही, चार-सहा महिन्यांनी, जर चाचा पुन्हा मोकळा झाला तर त्याला विचार की तुम्ही घरी आमच्याबद्दल काय बोलता, आमच्या नकला करता का. करत असणारच. 11 वर्षं तो तुमच्या घरचं हिंदी ऐकतोय. त्यानं सांगितलं आणि त्याला चालत असेल तर ते स्टेजवर घे, पैसे मिळाले तर त्यातले त्याला दे.

छठला पंचगंगेवर ही मंडळी जमतात, घाट भरलेला असतो. तोपर्यंत त्यानं बोलवलं तर जा. त्याच्या आधी जेवणाच्या सुट्टीतलं ते बोलणं होऊ दे, आणि तेव्हा पोरगी कितवीत आहे, कुठल्या विषयात जास्त मार्क पडले ते विचार, मला पण कळव.